कोर्तिनाची शिडी

दुपार कलली तेव्हा ओब्दुलियाने भावाच्या कोर्तिनाला बाहेरून टेकवलेली शिडी काढली, उताराखालच्या नेच्यांत आडवी घातली आणि हातातल्या कोयत्याने आणखी थोडे नेचे कापून ती झाकूनही टाकली. त्रासमोन्ते गावात यात वावगं काही नव्हतं, रीतच तशी होती. कोर्तीन म्हणजे मधमाश्यांसाठी डोंगरउतारावर रचलेला गोल दगडी कोट. आत पोकळ ओंडक्यांत माश्या, बाहेर अस्वल, मधे दीड पुरुष उंचीची भिंत. भिंतीच्या माथ्यावर बाहेरच्या अंगाला दगडी पाट्या पुढे आलेल्या असतात, म्हणजे अस्वल चढत आलंच तर त्याचं टाळकं आपटावं. तिच्या भावाच्या, बेलार्मिनोच्या कोर्तिनाला दारही नव्हतं. एकदा अस्वलाने दार फोडलं तेव्हा बापाने ती जागा दगडांनी बुजवली होती. जायचं ते शिडीनेच; आतल्या अंगाला पाय टेकायला भिंतीतून दगड पुढे काढलेले होते, बाहेरून तसं काही नव्हतं. आणि शिडी बाहेर तशीच राहिली तर ते अस्वलाला घरी जाऊन आवतण दिल्यासारखं. म्हणून गावचा दंडक असा की टेकलेली शिडी दिसली की आडवी करायची, मग मालक तुमचा वैरी का असेना.

दंडकाचा पहिला भाग मात्र वेगळाच होता. शिडीला हात लावण्याआधी तीनदा हाक मारायची. आत कोणी नाही ना, याची खात्री करायची.

ओब्दुलियाने हाक मारली नव्हती. तोंड उघडलं होतं, नाही असं नाही. पण हाक मारायची म्हणजे नाव घ्यायचं, आणि भावाचं नाव तिच्या तोंडून अकरा वर्षांत निघालं नव्हतं. तिने भिंतीवर धूर दिसतो का पाहिलं. माश्यांपाशी कोणी काम करत असेल तर धूर असणारच. धूर नव्हता. म्हातारा विसरला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. शिडी झाकायची काहीच गरज नव्हती, दंडकात तसं कुठे म्हटलेलं नाही. पण शोधू दे त्याला तासभर, एवढा गोड विचार मनात आला आणि तिने तो येऊ दिला.

भांडण झाडाचं होतं. त्या मुलखात जमीन एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं, असं असू शकतं. बाप गेला तेव्हा कोर्तीन बेलार्मिनोला मिळालं आणि त्याला लागून असलेलं चेस्टनटचं जुनं झाड ओब्दुलियाला. झाडाला वाटण्या ठाऊक नसतात. त्याची एक जाड फांदी भिंतीकडे निघाली. बेलार्मिनो म्हणाला, तोड. ओब्दुलिया म्हणाली, आजीने लावलेलं झाड आहे, तू तुझी भिंत सरकव. मग एका शरदात अस्वल त्याच फांदीवरून आत उतरलं, निम्मे ओंडके फोडले, पोटभर खाल्लं आणि आतून भिंत ढासळवून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी बेलार्मिनोने कुणाला न विचारता फांदी खोडापासून तोडली. ओब्दुलियाने ती तुटलेली फांदी पाहिली आणि घरी येऊन ही वाटणी करून गेलेल्या बापाचा फोटो भिंतीवरून काढून आपल्या पेटीत ठेवला. भावंडं कोर्टात गेली नाहीत. नुसतं बोलणं सोडलं. ते कोर्टापेक्षा स्वस्त पडतं आणि जास्त वर्षं टिकतं.

दोघांची घरं समोरासमोर होती, मधे एका गाडीवाटेचं अंतर. संध्याकाळी ओब्दुलिया कोबी आणि घेवड्याचं कालवण चुलीवर ठेवून बटाटे सोलत बसली होती. तेवढ्यात समोरच्या कोर्तेतून बेलार्मिनोच्या गाई हंबरू लागल्या.

गाईंच्या गोठ्याला तिथे कोर्ते म्हणतात, आणि कोर्तीन म्हणजे लहान कोर्ते. शाळेत लाउरेआनो मास्तरांनी एकदा फळ्यावर लिहून सांगितलं होतं की हे सगळं लॅटिनमधल्या एका म्हातारीचं गोत्र आहे. तिचं नाव कोहोर्स, अर्थ कुंपण घातलेली जागा. तिची एक लेक फ्रान्सला गेली, तिचं अंगण झालं. एक रुमानियाला गेली, तिचंही अंगणच झालं. एक माद्रिदला गेली आणि राजाचा दरबार होऊन बसली. आणि इथे डोंगरात राहिली ती गाईवासरांत रमली. (मास्तरांना ठाऊक असतं तर त्यांनी आपल्याकडे लोक ज्याच्या पायऱ्या झिजवतात त्या कोर्टालाही याच वंशावळीत बसवलं असतं.) त्यावर दहा वर्षांचा बेलार्मिनो, सगळ्यांचा मिनो, उठून म्हणाला होता, "म्हणजे मास्तर, राजाच्या बुडाखाली पण शेण असतं?" त्याला पट्टी बसली. त्याची धाकटी बहीण खिदळली म्हणून तिलाही बसली. घरी जाताना दोघं एकमेकांचे लाल तळवे मोजत, हसत गेली होती.

गाई हंबरतच होत्या. बेलार्मिनो वेळेच्या आधी गाई पिळणारा माणूस. ओब्दुलियाच्या हातातला बटाटा तसाच राहिला.

तेवढ्यात शेजारची साबिना दारात आली. आवेलिनोची बायको, जेमतेम तिशीची, आणि गावातलं प्रत्येक दार आपलंच समजणारी.

"ओब्दुलिया मावशी, मिनोकाकांना पाहिलंत का हो कुठे?"

"मी काय त्याची राखणदार आहे?"

"तसं नाही हो. गाईंचे सड फुटायला आलेत. दार सताड उघडं, कोंबड्या वाटेवर. सकाळी बसच्या रस्त्याला जाताना कुणीतरी पाहिलं म्हणे. आमचे हे म्हणतात, लेकीकडे गेले असतील शहरात, राहिले असतील तिथेच."

"मग गेला असेल."

"आणि गाई? गाईंना सांगितल्याशिवाय तो माणूस परसाकडेही जात नाही."

"गाईंना सांगतो, माणसांना कुठे सांगतो?" ओब्दुलिया म्हणाली. बटाट्याची साल फारच जाड निघत होती.

"तुम्ही दुपारी वर होतात ना, तुमच्या झाडाखालचे नेचे काढायला? कोर्तिनापाशी नव्हते ना काका?"

"नव्हता. कुणी नव्हतं. शिडीबिडी काही नव्हती तिथे."

साबिनाने शिडीचं नावही काढलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, आणि ओब्दुलियाला ते शब्द तोंडातून सुटल्यासुटल्याच कळलं. साबिनाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग पदराला हात पुसावेत तसे तिने एप्रनला पुसले.

"बरं. मी पिळते गाई. काल पान्दोच्या घरचं प्लमचं झाड मोडलंय अस्वलिणीनं, ऐकलंत ना? पिल्लू आहे बरोबर. दार लावून घ्या."

ती गेली. ओब्दुलिया बसून राहिली. लेकीकडे गेला, लेकीकडे गेला, असं ती मनात घोकत होती आणि प्रत्येक घोकण्यागणिक ते खोटं वाटत होतं. मग तिला फाकुन्दो आठवला. फाकुन्दो तिच्या आजोबांच्या काळातला, वरच्या वाडीतला. कुणा वाटसरूने त्याची शिडी आडवी केली, हाक न मारता. तीन दिवसांनी सापडला. कसा सापडला ते मोठी माणसं मुलांसमोर सांगत नसत, आणि म्हणूनच मुलांना ते पाठ होतं. तीन हाकांचा दंडक त्यानंतर पडला. त्या वाटसरूचं नाव गावात आजही शिवी म्हणून वापरतात.

ती उठली, वाट ओलांडली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा भावाच्या घरात शिरली. सगळं जिथल्या तिथे. शहरात जायचा काळा कोट खिळ्याला होता. चांगले बूट बाकाखाली जोडीने उभे. माश्यांपाशी घालायची जाळीची टोपी जिथे असायची तो खिळा रिकामा. आणि टेबलावर, अर्ध्या पावाशेजारी, गोळ्यांची छोटी बाटली. छातीच्या गोळ्या. डॉक्टरने त्या दिवसातून दोनदा, चुकवायच्या नाहीत असं बजावून दिल्या होत्या, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. बोलत नसली म्हणून तिला ठाऊक नव्हतं असं नाही. उलट ज्याच्याशी बोलत नाही त्याची बातमी माणूस जास्त कान देऊन ऐकतो.

तिने बाटली खिशात घातली, कोट खांद्यावर टाकला, कंदील घेतला.

खरं तर आवेलिनोला सांगायला हवं होतं. त्याचे पाय तरणे, तो अर्ध्या वेळात वर पोचला असता. ती त्याच्या दारापर्यंत गेलीही. आतून पत्त्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. पण सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं. शिडी दिसली, आडवी केली. हाक मारलीस ना मावशी? आणि मग ते सगळे पत्ते खाली ठेवून तिच्याकडे बघणार. भाऊ मेला तरी चालेल पण गावासमोर मान खाली जायला नको, असं काही तिच्या मनात नव्हतं, तिच्यावर एवढा अन्याय करायला नको. पण पाय दारातून मागे फिरले, एवढं खरं. तोंडाला लागलेलं कुलूप अकरा वर्षांचं होतं, ते आयत्या वेळी उघडेना. ती एकटीच डोंगराच्या वाटेला लागली.

धुकं खाली उतरत होतं. अजून पुरता अंधार पडला नव्हता, पण धुक्यात उजेड दुधासारखा नासून गेला होता आणि कंदिलाने फक्त कंदीलच दिसत होता. तिचे लाकडी बूट ओल्या दगडांवर घसरत होते. चेस्टनटची काटेरी बोंडं गळायला लागली होती, एखादं पानांत टपकन पडलं की ती कंदील उंच करून बघे. घरून निघताना तिने ठरवलं होतं की वाटेतच हाक मारायला सुरुवात करायची. ती दर वळणावर म्हणायची, पुढच्या वळणावर. आत होता तर दुपारपासून गोळी नाही. पडला असेल. उन्हात माश्यांच्या मधे बसून बसून... ती पुढचं मनातही म्हणेना. एका जागी वाटेच्या मधोमध अस्वलाची विष्ठा होती, चेस्टनटच्या चोथ्याने भरलेली. तिने हात जवळ नेला. ऊब लागली. तिने हात एप्रनला पुसला आणि नंतर उगाचच दुसराही पुसला.

कोर्तीन धुक्यातून एकदम समोर आलं. काळं, गोल, मुकं. भिंतीपलीकडे काहीच आवाज नव्हता. रात्री माश्याही गप्प बसतात.

तिने तोंड उघडलं. आणि पुन्हा दुपारसारखंच झालं. घशातून नुसती हवा आली. 'मिनो' म्हणायला किती लागतं? दोन अक्षरं. आतून ओ आली नाही तर? जोवर हाक मारली नाही तोवर तो जिवंत होता. हाक मारून ओ आली नाही की मग तो मेलेला असणार होता, आणि तो तिने मारलेला असणार होता. आधी शिडी, तिने स्वतःला बजावलं. शिडी लावू, वर चढू, मग बघू. ती कंदील खाली ठेवून वाकली आणि नेच्यांत चाचपू लागली. आणि आपणच इतकी झकास झाकलेली शिडी तिला सापडेना.

ती नेचे बाजूला सारत होती, खसखस, खसखस. एकाएकी भिंतीआड डबा बडवल्याचा आवाज सुरू झाला. ठण ठण ठण! आणि मागोमाग एक दगड भिंतीवरून आला आणि तिच्या हातभर अंतरावर पडला.

"हाड! चालती हो, थेरडे! इथे काय तुझ्या बापाचं ठेवलंय?"

ओब्दुलिया होती तिथेच मटकन बसली. जिवंत होता. ओरडत होता. आवाज घोगरा, पण शिव्या जुन्याच. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तेवढ्यात दुसरा दगड आला तो थेट तिच्या खांद्यावर.

"अरे मुडद्या! दगड काय मारतोस? मी आहे मी!"

आत डबा थांबला.

"मी कोण?" आतून आवाज आला.

"मी कोण म्हणजे? डोळे गेले ते गेले, कानही गेले का?"

"हं. अस्वल एवढं तोंड टाकत नाही. म्हणजे ओब्दुलियाच."

"लागलंय का तुला?"

"पाय मुरगळलाय. बाहेर उडी मारावी म्हणून भिंत चढायला गेलो, पायाखालचा दगड सुटला. सुजून भोपळा झालाय."

"ओंडका लावून चढायचंस ना."

"माश्यांच्या घरावर पाय देऊन?" बेलार्मिनो आतून चिडून म्हणाला. "आणि छातीत जरा... असू दे. शिडी लाव."

"शोधतेय."

"शोधतेय म्हणजे? आडवी केली असशील ना, हरवलीस कशी?"

ओब्दुलिया गुडघ्यांवर रांगत नेचे उपसत होती. दुपारी जी चार मिनिटांची गंमत वाटली होती ती आता हातांना ओरबाडत होती.

"ओब्दुलिया," बेलार्मिनो म्हणाला. आता त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "तुझ्याबरोबर आणखी कोण आलंय?"

"कुणी नाही."

"मग तुझ्या झाडाखाली काय मोडतंय?"

ती थांबली. कडाड्. फांदी मोडल्याचा आवाज. मग खाल्ल्याचा आवाज, ओला, निवांत. आणि त्याच्यात मिसळलेलं एक बारीक कण्हणं, पिल्लाचं. दोन्ही आवाज भिंतीच्या बाहेरचे होते. ती जिथे होती त्या बाजूचे.

"पळू नकोस," भाऊ म्हणाला. "पिल्लू कुठे आहे ते कळतंय का?"

"झाडावर असेल."

"मग ती खाली असेल. शिडी शोध. हळू. मी बोलत राहतो, तिला माझ्याकडे लक्ष ठेवू दे." आणि तो खरंच बोलू लागला, मोठ्याने, गाईशी बोलावं तसं. "ये बाई, ये. खा, खा. सगळे चेस्टनट माझ्या बहिणीचे आहेत, बिनधास्त खा. ती एक देखील कुणाला देत नाही, तूच खा."

इतर कुठल्याही वेळी ओब्दुलियाने याचं खणखणीत उत्तर दिलं असतं. आता तिला त्या आवाजाशिवाय दुसरा आधार नव्हता. तिचा हात लाकडाला लागला. पायरी. तिने नेचे फेकले, शिडी ओढली, उभी केली. शिडी धुक्याने भिजून जड झाली होती. ती भिंतीवर टेकल्याचा आवाज झाला आणि झाडाखालचं खाणं थांबलं.

ती चढली. लाकडी बूट पायरीवरून निसटला आणि खाली पडला, तिने दुसरा स्वतःच झटकून टाकला. वरच्या पाटीवर पोट टेकवून ती आडवी झाली तेव्हा खाली कंदिलाजवळ काहीतरी मोठं येऊन उभं राहिलं. कंदील कलंडला आणि विझला. फुरफुर ऐकू आली, अगदी शिडीच्या पायाशी.

"शिडी!" भाऊ ओरडला. "शिडी आत घे!"

"उचलत नाही रे!"

"तू माथ्यावर रेल आणि टोक माझ्याकडे लोट. मी लोंबतो."

तिने टोक आत लोटलं. बेलार्मिनोने एका पायावर उडी मारून आत आलेल्या टोकाची पायरी धरली आणि सगळं वजन टाकलं. शिडी बापाच्या जुन्या तराजूसारखी झुलली, बाहेरचं टोक उचललं गेलं, आणि ती धाडकन आत आली. पाठोपाठ ओब्दुलिया आली, शिडीवरून अर्धी आणि भावाच्या अंगावर अर्धी.

दोघं भिंतीला टेकून बसली. तिने बाटली काढली, अंधारात झाकण उघडलं, एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती कोरडीच गिळली. तिने कोट त्याच्या खांद्यांवर टाकला.

"हा शहराचा कोट," तो म्हणाला.

"मग काय नाचायला जायचाय घालून?"

बाहेर अस्वलीण भिंतीभोवती फिरत होती. नखं दगडांवर घासत. एकदा ती चढली, वरच्या पाटीशी आली, पाटी किंचित हलली. दोघांनीही श्वास रोखला. मग ती खाली आदळल्याचा आवाज आला. नंतर ती झाडाकडे गेली. खोडावर चढताना साल सोलवटली जात होती, ते ऐकू येत होतं. वर, आणखी वर, आणि मग थांबली. फांदी जिथून भिंतीकडे यायची तिथे आता काही नव्हतं, नुसती कापल्याची गाठ. तिथे ती बराच वेळ धुसफुसत राहिली. आणि मग खाली उतरली.

ओब्दुलियाने भावाचा हात कधी धरला होता ते तिलाच कळलं नव्हतं. तिने तो सोडला नाही.

"बरं झालं तोडलीस ती फांदी," ती म्हणाली. हे वाक्य अकरा वर्षं तिच्या पोटात होतं असं नाही. ते त्याच क्षणी तयार झालं होतं.

"विचारून तोडायला हवी होती," तो म्हणाला. "झाड मरेल असं वाटलं होतं मला. दर वसंतात मेण लावत होतो त्या जखमेला."

ओब्दुलिया दरवर्षी ती भरत आलेली जखम बघून म्हणायची, माझं झाड चिवट आहे, कुणाच्या कुऱ्हाडीला दाद देणार नाही. मग जे विचारायचं होतं ते तिने विचारलं, कारण आता नाही विचारलं तर कधीच विचारता येणार नव्हतं.

"मिनो, दुपारी मी शिडी काढली तेव्हा तू झोपला होतास का?"

"नाही."

"म्हणजे?"

"पाव खात बसलो होतो. तुझा खोकला ऐकला. कोयता ऐकला. शिडी भिंतीवरून सरकली तेही ऐकलं."

"आणि ओरडला नाहीस?"

"हाक तू मारायची होतीस," बेलार्मिनो म्हणाला. "दंडक तुझ्यावर होता. म्हटलं, आता मारेल. तीनदा मारायची असते, म्हटलं, अकरा वर्षांनी तीनदा माझं नाव घेईल. पावाचा घास हातात तसाच धरून बसलो होतो, ओ द्यायला तोंड मोकळं नको का! मग तुझी पावलं गेली. तोवर मी तोंडच उघडलं नव्हतं. मग उघडायचं म्हणजे मदत मागणं झालं."

"मेला असतास ना रे."

"हो," तो म्हणाला. "तेही वाटलं होतं संध्याकाळी."

ओब्दुलियाला हसू आलं आणि ते मधेच रडू झालं. ती कुणावर रागावत होती तेच तिला कळेना. दीड पुरुष भिंत, आणि दोन्ही बाजूंना एकेक गाढव कान टवकारून उभं.

खालून धुक्यात दिवे दिसले, आणि डबे बडवण्याचा, कुत्र्यांचा गलका आला. साबिनाचा आवाज सर्वांच्या वर होता. शिडी या एका शब्दावरून तिने नवऱ्याला पत्त्यांवरून उठवलं होतं. झाडाखाली काहीतरी धडपडत उताराने पळालं, मागून एक लहान काहीतरी.

"मिनोऽऽऽ!" आवेलिनोने हाक मारली. "मिनोकाकाऽऽ! ओब्दुलिया मावशीऽऽ!" तीन हाका, दंडकाप्रमाणे.

"ओऽऽ!" दोघांनी एकदमच ओ दिली.

गलका भिंतीशी आला. दिव्याचा उजेड पाट्यांवर पडला. हसणं झालं, देवाचे आभार झाले, आणि मग आवेलिनोने तो प्रश्न विचारला ज्याच्या धाकाने ओब्दुलिया त्याच्या दारातून मागे फिरली होती.

"काका, शिडी कुणी काढली होती?"

ओब्दुलिया उठून उभी राहिली, अनवाणी. सांगायचं तिने ठरवलं होतं, फक्त श्वास जमवत होती.

"हिनं काढली," बेलार्मिनो खाली बसूनच म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आणि मी काढू दिली. आता ते पुरे. माझ्या गाई पिळल्यात का कुणी?"